रशियन शिकवणी फुकट का मिळते? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंटरनेटवरची रशियन भाषा आणि तिच्या आडून चालणारं सांस्कृतिक राजकारण या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. नागपुरातून बरीच पत्रं आली, त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. रशियन शिकवणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. रशियन शब्दांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. त्यात ‘ख़’ घशातून घासून काढायचा आणि ‘ज़’ हा ‘रोज’मधल्या ‘ज’सारखा म्हणायचा.

प्रश्न : मॉस्कोच्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर रशियनचे वर्ग अगदी पहिल्या पायरीपासून वरपर्यंत फुकट आहेत. एवढं सगळं कुणी फुकट का देईल? नाव नोंदवावं की नाही?
(विद्यार्थिनी, धरमपेठ)

जरूर नोंदवा. पण हे आमंत्रण कुणी पाठवलंय ते आधी वाचा.

परक्या माणसाला आपली भाषा शिकवणं हे राज्यांचं जुनं काम आहे. फ्रेंचांची आलियाँस १८८३ची, ब्रिटिश कौन्सिल १९३४ची, जर्मनांची गोएथे संस्था १९५१ची आणि आपली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५०ची. रशियाने हे काम सोव्हिएत काळात, १९२५पासूनच, स्वतंत्र संस्था काढून सुरू केलं. मॉस्कोची पुश्किन रशियन भाषा संस्था १९६६ची. १९९१ला सोव्हिएत संघ मोडला आणि शेजारच्या देशांत रशियन शिकणाऱ्यांची संख्या उतरू लागली. तेव्हा गेलेली जमीन परत मिळवायला २००७मध्ये ‘रूस्की मीर’, म्हणजे ‘रशियन जग’, हे प्रतिष्ठान निघालं आणि २००८मध्ये ‘रोससोत्रुदनिचेस्त्वो’ ही सरकारी यंत्रणा. परदेशातली ‘रशियन हाउस’ ही केंद्रं तीच चालवते. भारतात अशी पाच केंद्रं आहेत : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि तिरुवनंतपुरम. नागपूरच्या माणसाला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मुंबईत पेडर रोडवरचं.

प्रत्येक गावात इमारत उभारणं कोणत्याच राज्याला परवडत नाही. म्हणून २०१४मध्ये पुश्किन संस्थेने ‘रशियनमधून शिक्षण’ हे पोर्टल सुरू केलं, आणि २०१५मध्ये आठ मोठ्या रशियन विद्यापीठांनी मिळून ‘अत्क्रीतये अब्रज़वानिये’, म्हणजे ‘खुलं शिक्षण’, हा मंच काढला. मार्च २०२२मध्ये कोर्सेरा या अमेरिकी ऑनलाइन मंचाने रशियन विद्यापीठांचे अभ्यासक्रम थांबवले. तेव्हापासून हे देशी मंचच मुख्य ठरले आहेत. फुकट शिकवणीचा हिशोब साधा आहे. आज भाषा शिकणारा उद्या त्या देशात शिकायला जातो, परवा तिथला माल विकत घेतो किंवा तिथल्या माणसांशी धंदा करतो, आणि त्या देशाबद्दल त्याचं मत तिथल्याच शब्दांतून बनतं. यात लपवाछपवी काही नाही. सगळेच देश हे करतात.

आता तपासायचं कसं? संकेतस्थळाच्या अगदी तळाशी जा. तिथे ‘उच्रिदीत्येल’, म्हणजे संस्थापक, असा शब्द सापडतो आणि त्यापुढे मंत्रालयाचं किंवा विद्यापीठाचं नाव असतं. मग धड्यांतले नकाशे पाहा. क्रिमिया हा युक्रेनचा, पण २०१४मध्ये रशियाने ताब्यात घेतलेला भाग; तो कोणत्या रंगात रंगवलाय यावरून धडा लिहिणाऱ्याची भूमिका कळते. व्याकरणाचे धडे आणि बातम्या एकाच पानावर असतील तर व्याकरण घ्या. बातम्या दोन-चार निरनिराळ्या ठिकाणी ताडून पाहा. नोंदणीसाठी वेगळा ईमेल ठेवा. नुसत्या भाषेच्या वर्गासाठी पासपोर्टची प्रत कुणी मागितली तर देऊ नका. ती लागते फक्त शिष्यवृत्तीच्या अर्जाला, तीही अधिकृत पोर्टलवरच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. रशियन फार अवघड असं ऐकतो. मराठी माणसाला ती कितपत जमेल? सुरुवात कुठून करावी?
(महाल)

सर, इंग्रजीतून शिकाल तर अवघड जाईल. मराठीतून शिकाल तर अर्धी वाट आपल्या पायाखालचीच आहे. आमचा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे, म्हणून इथे जरा विस्ताराने लिहितो.

आधी लिपी. अक्षरं ३३. त्यांचे चार ढीग करा. पहिल्या ढिगात सहा अक्षरं : अ, ये, क, म, ओ, त. ही इंग्रजीसारखीच दिसतात आणि आवाजही जवळपास तसाच. दुसऱ्या ढिगात सहा फसवी अक्षरं आहेत. इंग्रजी बी दिसतं ते ‘व’, एच दिसतं ते ‘न’, पी दिसतं ते ‘र’, सी दिसतं ते ‘स’, वाय दिसतं ते ‘उ’ आणि एक्स दिसतं ते ‘ख़’. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या सहांत होतात. तिसऱ्या ढिगात पाच अक्षरं, गणित शिकलेल्याच्या ओळखीची : गॅमासारखा ‘ग’, पायसारखा ‘प’, फायसारखा ‘फ’, डेल्टाचा भाऊ ‘द’ आणि लॅम्डाचा भाऊ ‘ल’. पहिल्या आठवड्यात ही १७ अक्षरं रोज अर्धा तास गिरवा. उरलेली १६ दुसऱ्या आठवड्यात. तिसरा आठवडा हस्ताक्षराला द्या, कारण छापील आणि हाती लिहिलेलं रशियन वेगळं दिसतं. हाताने लिहिलेला ‘त’ इंग्रजी एमसारखा, ‘द’ जीसारखा, ‘प’ एनसारखा. चौथ्या आठवड्यात शंभर शब्द, प्रत्येकावर आघाताची, म्हणजे जोर कुठे द्यायचा त्याची, खूण करून.

उच्चारात मराठी माणसाची कमाई मोठी. रशियनमध्ये दोन ‘च’ आहेत, आपल्याकडेही दोन : ‘चमचा’मधला आणि ‘चहा’मधला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला पहिला ‘त्स’ असा जोडून शिकवावा लागतो. आपण तो लहानपणापासून बोलतो. ‘श’ही दोन. एकाला जीभ मागे वळवून पुस्तकी ‘ष’ काढा, दुसऱ्याला मऊ आणि लांब ‘श’. रशियन ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. ‘ट’ आणि ‘ड’ तिथे नाहीतच. आपल्याकडे ‘स्पुटनिक’ लिहितात ते इंग्रजीच्या वाटेने आलं म्हणून. मूळ शब्द ‘स्पूत्निक’. कठीण जातो तो एकच स्वर, ‘इ’ आणि ‘उ’च्या मधला. ओठ ‘इ’चे ठेवून जीभ मागे खेचली की तो निघतो, पण महिनाभर तरी रोज ऐकावं लागतं.

खरी फसगत होते ती आघातात. आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘अ’कडे झुकतो, म्हणून मॉस्को रशियनमध्ये ‘मस्क्वा’ आणि दूध ‘मलको’. आघात छापत नाहीत आणि त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘मुका’ हा शब्द शेवटावर जोर देऊन म्हटला तर पीठ, सुरुवातीवर दिला तर यातना. म्हणून नवा शब्द नुसता वाचून पाठ करू नका. आघात दाखवणारा कोश उघडा. ‘ग्रामोता’ हे संकेतस्थळ २०००पासून हे काम चोख करत आलं आहे. शब्दाच्या शेवटी आलेलं ‘ब’, ‘द’, ‘व’सारखं घोष व्यंजनही अघोष होतं : ‘पेत्रोव’ ऐकू येतं ‘पित्रोफ’.

व्याकरणात तर विभक्तीच्या पाढ्यांचा उपयोग आयुष्यात प्रथमच इतका होईल. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि त्या शब्दाच्या शेवटी चिकटतात. चहाच्या टपरीवरचंच उदाहरण घ्या. चहाला रशियनमध्ये ‘चाय’ म्हणतात आणि साखरेला ‘साख़र’. ‘चाय स साख़रम’ म्हणजे साखरेसह चहा. इथे तृतीया आली. ‘चाय बेस साख़रा’ म्हणजे बिनसाखरेचा. इथे षष्ठी आली. एक कप चहा मागताना मराठी आणि रशियन अशा शेजारी बसतात.

वाक्यांची बांधणीही बघा. ‘माझ्याकडे आहे’ याला ‘ऊ मिन्या येस्त्य’. शब्दशः ‘माझ्यापाशी आहे’. ‘मला थंडी वाजते’ याला ‘म्न्ये ख़ोलदना’. ‘मला’ चतुर्थीत, आपल्यासारखाच. आवडणंही ‘मला’नेच सुरू होतं. इंग्रजीत या सगळ्याचा कर्ता ‘मी’ करावा लागतो, मग रशियन शिकताना तो पुन्हा मोडावा लागतो. लिंगंही तीन, आपल्याइतकीच. फक्त शेवटच्या अक्षरावरून ती बहुतेक वेळा ओळखता येतात, म्हणजे आपल्याहून सोपं.

क्रियापदांच्या जोड्यांना सगळे घाबरतात. त्यासाठी नागपुरी बोली कामाची आहे. ‘मी पुस्तक वाचून राहिलो’ म्हणजे काम चालू : ‘चितात्य’. ‘वाचून काढलं’ म्हणजे काम पूर्ण : ‘प्रचितात्य’. दुसऱ्या प्रकाराला वर्तमानकाळ नसतो. वर्तमानासारखं रूप केलं तर अर्थ ‘वाचून काढीन’ असा भविष्याचा होतो. एक चूक मात्र मराठी माणूस हमखास करतो. ‘तुम्ही हे वाचलंय का?’ असं सहज विचारताना तो पूर्णत्वाचं रूप घालतो. तिथे रशियन माणूस पहिलंच रूप वापरतो, कारण प्रश्न वाचन घडलं का एवढाच आहे, संपवलं का हा नाही.

आकड्यांशी थोडं जपून. एकला एकवचन. दोन ते चारला षष्ठीचं एकवचन : ‘द्वा चिसा’, दोन तास. पाचपासून पुढे षष्ठीचं अनेकवचन : ‘प्यात्य चिसोफ’. २१ला मात्र पुन्हा एकचाच नियम.

प्रश्न : मोबाइल आणि लॅपटॉपवर रशियन कसं टाइप करायचं?
(सदर)

मोबाइलवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये भाषा या जागी रशियन जोडा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. विंडोजमध्ये सेटिंग, मग वेळ आणि भाषा, मग भाषा जोडा. जोडल्यावर विंडोज आणि स्पेस या दोन कळांनी अदलाबदल होते. नवशिक्याने रशियन कळफलकांतला ‘नेमॉनिक’ निवडावा, म्हणजे ‘क’ इंग्रजी के वर येतो. पण तिकडे जाऊन शिकायचा बेत असेल तर पहिल्या दिवसापासून मूळ रशियन मांडणीचीच सवय लावा. तिथल्या ग्रंथालयातल्या संगणकावर दुसरी मांडणी नसते.

प्रश्न : भाऊ, आमचा पोट्टा एमबीबीएसले रशियात जाऊन राहिला. एजंट म्हणते सारं इंग्रजीत हाय, रशियन शिकाची गरज नाही. खरं हाय का?
(मानेवाडा)

काका, अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात पोराचं नुकसान होऊ शकतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१चे नियम सांगतात की परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असावी आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असावं. ज्या देशात पदवी घेतली तिथे, तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने, डॉक्टरी करण्याची पात्रताही मिळालेली असावी. परत आल्यावर परवान्याची परीक्षा आहेच. तेव्हा एजंटला पहिला प्रश्न हा विचारा : सगळी वर्षं इंग्रजीत, की तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे रशियन? दुसरा प्रकार ‘द्विभाषिक’ या गोड नावाने विकतात. तो नियमात बसत नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, विद्यापीठाच्या शिक्क्याच्या पत्रावर घ्या.

आता भाषा. वर्गात इंग्रजी चालतं, पण वॉर्डातला म्हातारा रुग्ण इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून रुग्णाचा इतिहास रशियनमध्ये घ्यावा लागतो. ज्याला तो घेता येत नाही तो मागच्या रांगेत उभा राहतो, आणि पदवी मिळाली तरी हात बसत नाही. ‘ग्द्ये बलीत?’ (कुठे दुखतं?), ‘दिशीत्ये’ (श्वास घ्या), ‘नि दिशीत्ये’ (श्वास रोखा), ‘दव्लेनिये’ (रक्तदाब) असे दोनशे शब्द आणि हाताने लिहिलेली अक्षरं वाचायचा सराव, एवढं तरी नागपूर सोडण्याआधी व्हायला हवं. निघायला चार महिने असतील तर रोज एक तास पुरे.

आणखी एक गोष्ट पोराला बजावून सांगा. रशियात मार्च २०२२पासून सैन्याची ‘बदनामी’ करणारं लिहिणं गुन्हा आहे. काही बातमीदार संस्था तिथे ‘अनिष्ट’ म्हणून जाहीर केलेल्या आहेत. त्यांचा दुवा पुढे पाठवणंही अंगाशी येऊ शकतं. सप्टेंबर २०२५पासून ‘अतिरेकी’ ठरवलेलं साहित्य मुद्दाम शोधणंही दंडाला पात्र झालंय. वर्गाच्या ग्रुपवर राजकारण फॉरवर्ड करायची आपली सवय विमानतळावरच सोडायला सांगा.

प्रश्न : मशीनने मराठीचं रशियन केलं तर चुका का होतात? मी बाईमाणूस असून माझं वाक्य पुरुषाचं झालं.
(प्रतापनगर)

कारण यंत्र बऱ्याचदा मधे इंग्रजीच्या घरी उतरतं. तुम्ही लिहिलं, ‘मी आले’. त्याचं इंग्रजी होताना बाई-पुरुष हा भेद गळाला, आणि रशियन करताना यंत्राने अंदाजाने पुरुषी रूप, ‘प्रिशोल’, घातलं. तुम्हाला हवं होतं ‘प्रिश्ला’. मराठीत भेद आहे, रशियनमध्ये आहे, मधल्या घरात नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं तेच होतं. रशियनमध्येही ‘ती’ (तू) आणि ‘वी’ (तुम्ही) असा फरक आहे, आणि प्राध्यापकाला ‘ती’ म्हणणं म्हणजे कुलगुरूंना ‘ए’ म्हणण्यासारखं.

उपाय असा. वाक्य लहान ठेवा. भाषांतर झाल्यावर ते उलट मराठीत न आणता भूतकाळाची क्रियापदं डोळ्याने तपासा : शेवटी ‘ल’ असेल तर पुरुष, ‘ला’ असेल तर बाई. शब्द खरोखर कसा वापरतात हे पाहायला रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे मजकुरांचा शोधता येणारा संग्रह, आहे. २००४पासून तो सगळ्यांना खुला आहे. शब्द टाकला की छापील वाक्यं समोर येतात. पाच वाक्यं वाचली की यंत्राचा शब्द घ्यायचा की टाकायचा ते कळतं.

पत्रात संबोधन लिहिताना सर-मॅडम नको. रशियात नाव आणि पुढे वडिलांच्या नावावरून झालेला शब्द जोडतात : वडील इवान असतील तर मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच, म्हणून हे लक्षात ठेवायला सोपं. फॉर्म भरताना मात्र त्या रकान्यात आपल्या मनाने वडिलांचं नाव घालू नका. पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने. रशियन अक्षरांतलं नावही पहिल्या भाषांतरात जे ठरलं तेच पुढे सगळीकडे. ‘ह’साठी दोन निरनिराळी अक्षरं वापरली जातात, एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं की माणसं दोन होतात आणि कागद अडतात.

प्रश्न : रशियनची अधिकृत परीक्षा कोणती? किती तयारी लागते?
(वर्धा रोड)

तिला ‘ते एर का ई’ म्हणतात. पायऱ्या सहा. शब्दांचा किमान साठा ठरलेला आहे : पहिल्या पायरीला ७८०, दुसरीला १३००, तिसरीला २३००. विद्यापीठात रशियन माध्यमातून पदवीला बसायचं तर ही तिसरी पायरी लागते. परीक्षेचे भाग पाच : शब्द आणि व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. साधारण दर भागात ६६ टक्के हवेत. एखाद्याच भागात ६०पर्यंत सूट चालते. आपल्याकडची मुलं श्रवणात अडतात, कारण ध्वनिफीत थांबवून पुन्हा ऐकायची सवय लागलेली असते. सराव करताना थांबवायचं नाही.

रशियात काम किंवा वास्तव्याचा परवाना मागणाऱ्या परदेशी लोकांसाठी भाषा, इतिहास आणि कायदा अशी एक वेगळी एकत्रित परीक्षा आहे. ती ही नव्हे. पैसे भरण्याआधी नाव नीट वाचा. भारतात पुढची परीक्षा कधी आणि कुठे, हे रशियन हाउसला विचारूनच तिकीट काढा.

सरकारी शिष्यवृत्ती हवी असेल तर त्यासाठी वेगळं पोर्टल आहे. २०२३पासून जगभरातल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३०,००० जागा ठेवल्या आहेत. शिकवणी शुल्क माफ होतं आणि थोडा मासिक भत्ता मिळतो. विमान, विमा आणि जेवणखाण आपलं. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष तयारीचा वर्ग. गुणपत्रिकांवर राज्य पातळीची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतो. या कामाला वेळ लागतो, म्हणून निकाल हाती येताच सुरू करा.

प्रश्न : रशियातल्या बाईंकडून ऑनलाइन शिकतो. कॉल सारखे तुटतात, फीही जात नाही. काय करावं?
(नंदनवन)

तुमचा वायफाय बरा असेल. ऑगस्ट २०२५पासून रशियाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर निर्बंध घातले आहेत, आणि यूट्यूबही २०२४पासून तिथे रखडत चालतं. व्हिडिओ बैठकीचा असा मंच निवडा जो दोन्हीकडे चालतो आणि जो बाईच सुचवतील. आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघा. मार्च २०२२मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, त्यामुळे आपलं कार्ड तिथल्या संकेतस्थळावर चालत नाही. अनोळखी मध्यस्थाच्या खात्यात पैसे टाकण्याचा मोह टाळा.

काही रशियन संकेतस्थळं उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. परदेशी कंपन्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं बंद झाल्यावर त्यांतली काही रशियन सरकारचं स्वतःचं प्रमाणपत्र वापरू लागली, ते आपला ब्राउझर ओळखत नाही. ते मूळ प्रमाणपत्र बँकेचे व्यवहार असलेल्या फोनमध्ये बसवू नका. धडा दुसरीकडे मिळेल.

वेळेचं गणित सोपं आहे : मॉस्को आपल्यामागे अडीच तास, वर्षभर तेवढेच. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेनऊ. शिक्षक नोवोसिबिर्स्कचे असतील तर उलट, तेच आपल्या दीड तास पुढे; नोकरदाराला सकाळचा वर्ग तिथून सोयीचा पडतो.

प्रश्न : घरी जुनी सोव्हिएत मराठी पुस्तकं आहेत. स्कॅन करून इंटरनेटवर टाकू का?
(धंतोली)

स्कॅन जरूर करा, टाकण्याआधी थांबा. प्रगती आणि रादुगा या मॉस्कोच्या प्रकाशनांची ही पुस्तकं सरकारी खर्चाने छापली जात, म्हणून इतकी स्वस्त मिळत. आजच्या फुकट वर्गांची ती आजी समजा. प्रकाशन संपलं तरी अनुवादकाचा आणि चित्रकाराचा हक्क संपत नाही. मजकूर ३०० डीपीआयला, रंगीत चित्रं ६००ला घ्या, आणि शेवटचं पान वगळू नका. रशियन पद्धतीत किती प्रती छापल्या तो आकडा आणि छपाईचा तपशील तिथे असतो. अनुवादकाचं नाव आत कुठे दिलंय तेही टिपून ठेवा. अभ्यासकाला चित्रांइतकंच ते मोलाचं.

प्रश्न : युक्रेनवर युद्ध लादलेलं असताना रशियन शिकणं म्हणजे त्यांची बाजू घेणं नाही का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, रामनगर)

हा प्रश्न तुम्हाला पडला याचा आम्हाला आनंद आहे, आणि तो टाळणार नाही. भाषेचा इथे खरोखर हत्यारासारखा वापर झाला. फेब्रुवारी २०२२च्या हल्ल्याचं समर्थन करताना रशियन बोलणाऱ्यांचं रक्षण हे कारण पुढे केलं गेलं. वर उल्लेख केलेल्या ‘रूस्की मीर’ आणि ‘रोससोत्रुदनिचेस्त्वो’ या दोन्ही संस्थांना युरोपीय संघाने जुलै २०२२मध्ये निर्बंधांच्या यादीत टाकलं. भारताने असे निर्बंध घातलेले नाहीत, त्यामुळे इथे शिकायला कायद्याची आडकाठी नाही.

पण रशियन ही एकट्या मॉस्कोची भाषा नाही. कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि बेलारूसमध्ये तिला अधिकृत दर्जा आहे. युक्रेनमध्ये लाखो लोकांच्या घरात ती बोलली जायची, आणि त्यांतल्या अनेकांनी युद्धानंतर ती जाणीवपूर्वक सोडली. हेही त्या भाषेच्याच इतिहासाचं पान आहे आणि ते रशियनमध्येच वाचता येतं. देशाबाहेर गेलेले रशियन पत्रकार आणि लेखक याच भाषेत सरकारविरुद्ध लिहितात. ज्याला रशियन येते तो सरकारी निवेदनही मुळातून वाचतो आणि त्याला दिलेलं उत्तरही. आमच्या मते शिकण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. धड्यांचा एक शिक्षक बिश्केक किंवा अल्माटीचा निवडा. त्याच भाषेतलं दुसरं जग कानावर येईल.

प्रश्न : मराठीसाठी असं काही करता येईल का?
(ग्रंथपाल, सीताबर्डी)

नागपूरने हे काम एकदा केलेलं आहे, हिंदीसाठी. पहिलं विश्व हिंदी संमेलन १० जानेवारी १९७५ला याच शहरात सुरू झालं. तिथल्या ठरावांतून वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय आणि मॉरिशसचं विश्व हिंदी सचिवालय उभं राहिलं, आणि १० जानेवारी हा विश्व हिंदी दिवस झाला. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात सप्टेंबर २०२२पासून अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा उभा आहे. तो पाहून एखाद्या रशियन मुलीला मराठी शिकावंसं वाटलं, तर तिला पहिल्या पायरीचा धडा आपण हातात ठेवू शकतो का, हे बघायचं.

रशियनांकडून उचलण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ती ७८० शब्दांची यादी. शब्द मोजून ठरवले की धडे, ध्वनिफिती आणि परीक्षा एकाच मापाने कापता येतात. मराठीसाठी ती यादी नागपुरात बनू शकते. पाच शिक्षक, एक भाषाशास्त्रज्ञ आणि शंभर तासांचं ध्वनिमुद्रित खरं बोलणं एवढं लागेल. बाजारातलं, दवाखान्यातलं, एसटी स्थानकावरचं बोलणं घ्यायचं. त्यातून सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द वेगळे काढायचे आणि प्रत्येकाचं सामान्यरूप शेजारी लिहायचं, कारण ‘घोडा’ शिकलेला परदेशी माणूस ‘घोड्याला’पाशी अडतो. प्रत्येक शब्द बाई आणि पुरुष अशा दोन आवाजांत नोंदवायचा. आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांखाली कोणता उच्चार ती खूण करायची, कारण ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला फरक छापील मराठी परक्याला दाखवत नाही. तुमच्या ग्रंथालयात शनिवारी दुपारी एक खोली रिकामी असेल, तर ध्वनिमुद्रणाला तेवढी पुरे.